साडेनऊ हजार पौंड आणि एक पऱ्या

विंचला मराठीत काय म्हणतात, हे मी तीन जणांना विचारलं. मराठी विभागाच्या संपादिकेने 'रहाट' सुचवला, माझ्या रूम पार्टनरने 'ओढयंत्र' (आणि स्वतःच हसली), आणि मामाने "विंच म्हणजे विंच, त्यात विचारायचंय काय?" म्हणून फोन ठेवला. मी कॉन्व्हेंटची. अडुसष्ट म्हणजे फिफ्टी एट की सिक्स्टी एट, यासाठी मला अजून एक सेकंद लागतो. त्यामुळे या बाबतीत मी मामाचंच ऐकते. विंच म्हणजे विंच.

तरी रहाट अगदीच चूक नाही हं! तत्त्व तेच. एक ड्रम, त्यावर गुंडाळलेला दोर, आणि फिरवायला कोणीतरी. विहिरीवर तो 'कोणीतरी' म्हणजे आपण. जीपच्या नाकावर बसवलेल्या विंचमध्ये तो बारा व्होल्टचा मोटर असतो, आणि मध्ये प्लॅनेटरी गिअर्सच्या तीन पायऱ्या. मोटरचे दोनशेहून जास्त फेरे झाले की ड्रमचा एक फेरा. दोराचं टोक झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःच स्वतःला चिखलातून ओढून काढते. ऐकायला मुनखौसनच्या गोष्टीसारखं, तो स्वतःचे केस धरून दलदलीतून वर येतो ना, तसं. फरक इतकाच की इथे झाड खरं असतं.

आता हे सगळं मला का माहीत? तर मामामुळे.

मामाचं घर दापोलीपासून बरंच आत. डांबर जिथे संपतं तिथून वाडी दोनेक किलोमीटर, आणि मध्ये पऱ्या. आमच्या होस्टेलमधल्या विदर्भ-मराठवाड्याकडच्या मंडळींसाठी सांगते, पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा. मे महिन्यात नुसते गोटे, जुलैत आवाज ऐकूनच पोटात गोळा येतो. माणसांना जायला लाकडी साकव आहे. गाडीला मात्र पाण्यातून उतरून पलीकडचा तांबड्या मातीचा चढ चढावा लागतो. वाडीत चारचाकी एकच, मामाची जुनी थार, २०२० साली नवीन थार आली त्याच्या आधीची. ॲम्ब्युलन्स डांबरापर्यंत येते. पुढे येत नाही, आणि त्यात ड्रायव्हरचा काही दोष नाही, ती गाडीच त्या वाटेची नाही.

गेल्याच्या आधीच्या पावसाळ्यात वाडीतली एक पहिलटकरीण रात्री नडली. मामाने तिला आणि तिच्या सासूला गाडीत घेतलं, पऱ्या पार केला, आणि पलीकडच्या चढावर गाडी बसली. चारही चाकं फिरत होती, गाडी हलत नव्हती. लोकांना वाटतं फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे गाडी कुठेही जाते. फोर व्हील ड्राइव्ह तुम्हाला चार चाकांची पकड देते, पण पकडच शून्याजवळ असेल तर शून्याच्या चौपट किती? अकरा जण धक्का मारायला आले. चिखलात पाय सरकत असताना एक माणूस किती जोर लावेल? मी नंतर गणित करताना चाळीस किलो धरले, म्हणजे अकरा जणांचे चारशे चाळीस. तासाभराने त्यांनी तो नाद सोडला, घोंगडीची डोली केली आणि तिला खांद्यावरून डांबरापर्यंत नेलं. बाळ दवाखान्यात झालं, दोघंही सुखरूप. पण त्या रात्रीबद्दल मामा कोणाशी फारसं बोलला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा एवढंच म्हणाला, "तू मशीनंच शिकतेस ना गो? मग सांग, कुठला घेऊ."

मी सेकंड इयरची सगळी पुस्तकं होस्टेलमध्येच ठेवून गेले होते. वहीत सुरुवात केली.

पहिला प्रश्न, ओढायचं किती? सरळ नियम असा की भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेची विंच घ्यावी. रिकामी थार साधारण पावणेदोन टन. माणसं, डिझेल, आंब्याच्या पेट्या धरून मी २३०० किलो धरले. दीडपट म्हणजे ३४५०. विंच मात्र पौंडांत विकतात, कारण हा धंदा अमेरिकेत वाढला. सिॲटलला १९४८ साली, युद्धातून उरलेल्या जीपांसाठी हब बनवत सुरू झालेली वॉर्न ही त्यातली जुनी कंपनी. तर आठ हजार पौंड म्हणजे ३६२९ किलो, साडेनऊ हजार म्हणजे ४३०९, आणि बारा हजार म्हणजे ५४४३. नियमाप्रमाणे आठ हजारात काम भागत होतं.

पण नियम सरासरी गाडीसाठी असतो, आणि आपला चढ सरासरी नाही. लष्करात अडकलेली वाहनं काढणाऱ्यांचा एक जाडाभरडा हिशेब आहे: चाकं हबपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका विरोध, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, आणि त्याहूनही वर गेली तर तिप्पट. मामाची गाडी हबपर्यंत होती, म्हणजे २३००. वर चढ, तो मी मोबाइलने मोजला, पंधरा अंश भरला. २३०० गुणिले साइन पंधरा, आणखी सहाशे. एकूण २९००. अकरा जणांचे चारशे चाळीस किलो कुठे आणि हे कुठे!

आणि इथेच जाहिरातीतली मेख आहे. डब्यावर छापलेली क्षमता ही ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या थराची असते. टॉर्क तोच, पण थरावर थर चढले की त्रिज्या वाढते आणि ओढ कमी होते. (रहाटावर दोर जाड गुंडाळला गेला की बादली जड लागते, तेच हे.) ड्रमचा व्यास ६४ मिलिमीटर आणि दोर ९ मिलिमीटर धरा. पहिल्या थराला त्रिज्या साडेछत्तीस, दुसऱ्याला साडेपंचेचाळीस, तिसऱ्याला साडेचोपन्न. म्हणजे साडेनऊ हजार पौंडांची विंच पहिल्या थराला ४३०० किलो ओढते, दुसऱ्याला साधारण ३४५०, तिसऱ्याला २९०० आणि चौथ्याला अडीच हजार. पहिल्या थरावर जेमतेम पावणेसहा मीटर दोर मावतो. २८ मीटरपैकी बावीसेक मीटर बाहेर असेल तेव्हाच डब्यावरचा आकडा खरा!

आमच्या चढावर बांधण्यासारखं झाड म्हणजे एक जुना किंजळ, गाडी बसते तिथून बारा मीटर वर. अलीकडे एक काजूही आहे, पण मामा म्हणाला काजूचा भरवसा नाही, ठिसूळ. बारा मीटर दोर सोडला तर सोळा उरतो, म्हणजे आपण तिसऱ्या थरावर. हवेत २९००, मिळतात २९००. चाळीसला चाळीस, काठावर पास. आठ हजारवाली तर तिथे सरळ नापास, तिला तिसऱ्या थरावर २४०० च्या आसपासच मिळतात.

मामा म्हणाला, मग बाराच घे ना, मोठं ते बरं. दुकानदारही तेच म्हणत होता, साहजिकच. मी नको म्हटलं. बारा हजारवाली आणखी जड, आणि तिची सगळी ओढ शेवटी गाडीच्या चॅसिसवरच येणार. विंचची ताकद वाढवली म्हणून चॅसिसची वाढत नाही. त्यापेक्षा एक स्नॅच ब्लॉक घ्यावा. स्नॅच ब्लॉक म्हणजे बाजूने उघडणारी कप्पी. ती झाडाला बांधायची, दोर तिच्यातून फिरवून टोक परत गाडीच्या चॅसिसवरच्या हुकाला. ओढ दुप्पट, वेग निम्मा, आठवीतलं फिजिक्स. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग असा की बारा मीटरसाठी आता चोवीस मीटर दोर सोडावा लागतो, म्हणजे आपण आपोआप पहिल्या थरावर येतो. मोटरला २९०० ऐवजी घर्षणासकट दीड हजाराच्या आसपासच ओढावे लागतात, तेही जिथे तिची क्षमता ४३०० आहे. फक्त झाडावरचा भार दोराच्या दुप्पट होतो हे विसरायचं नाही, आणि झाडाला दोर थेट न बांधता रुंद पट्टा बांधायचा, नाहीतर साल कापली जाते. किंजळ मेला तर पुढच्या पावसात बांधणार कशाला?

दोर पोलादी की सिंथेटिक, यावर आमचं दोन दिवस चाललं. पोलादी दोर घासला तरी टिकतो, पण समुद्राच्या हवेत गंजतो, त्याच्या तुटलेल्या तारांची कुसळं हातात घुसतात, आणि ताणाखाली तुटला तर चाबकासारखा येतो. सिंथेटिक म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनचा, डायनिमा वगैरे. वजनाला पोलादाच्या पाचवा हिस्सा, पाण्यावर तरंगतो. पण ऊन, चिखलातली रेती आणि जांभ्याची धार हे त्याचे शत्रू, आणि दीडशे अंशाच्या आतच तो वितळतो. पुष्कळशा विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो, म्हणून भार असताना दोर उलटा सोडत राहिलं तर ड्रम तापून आतला थर खराब होऊ शकतो. मी सिंथेटिकच्या बाजूने होते, कारण वाडीतली मुलं उघड्या हातांनी मदतीला येतात आणि लांब उभी राहायला सांगितलं तर दोन पावलं मागे सरकतात. दोनच. शेवटी सिंथेटिक घेतला, जांभ्यासाठी वरून बाही चढवली, आणि त्याला लागतो तसा पुढे रोलरऐवजी गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉज फेअरलीड लावला. ताण असताना दोरावर टाकायला जड पट्टा ठेवलाच आहे, कारण दोर हलका असला तरी टोकाचा हुक हलका नसतो.

ड्रमवर काही वेढे कायम ठेवायचे, पोलादीला निदान पाच, सिंथेटिकला आठ-दहा. कारण दोर ड्रमला ज्या स्क्रूने धरलेला असतो तो फक्त दोर सुरुवातीला जागेवर राहावा म्हणून. भार धरतं ते वेढ्यांचं घर्षण. थिअरी ऑफ मशीन्समधलं 'ई रेज टू म्यू थीटा' आठवतंय? म्यू फक्त ०.१ धरला तरी पाच वेढ्यांत उत्तर तेवीस येतं. परीक्षेत या फॉर्म्युल्याने माझे चार मार्क नेले होते (कॅल्क्युलेटरची बॅटरी, दुसरं काही नाही!), तो असा भेटेल असं वाटलं नव्हतं.

मग गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री म्हणजे ट्रॉल्या, गेट, ट्रॅक्टरची अवजारं, सगळं करणारा माणूस. मी ड्रॉइंग काढून नेलं होतं. त्याने ते उलटं धरलं, मग सुलटं, मग बाजूला ठेवलं आणि गाडीखाली शिरला. बाहेर आल्यावर म्हणाला, "पेटीत नळी घालूया." त्याचं म्हणणं असं की चॅसिसचा जो पेटीसारखा पोकळ भाग आहे त्यातून आरपार बोल्ट घालून आवळला की पेटीच चेपते आणि बोल्ट सैल होतो. म्हणून आत बरोबर मापाची नळी, म्हणजे आवळण्याचा जोर नळी घेते. हे त्याला कोणी शिकवलं विचारल्यावर म्हणाला, चेपलेल्या पेट्यांनी.

बोल्टवरून मात्र मी हटून बसले. विंचच्या पायांना चार एम-दहा बोल्ट लागतात, २५४ बाय ११४ मिलिमीटरवर. मिस्त्रीच्या डब्यात एम-दहा होते, पण डोक्यावर काहीच खूण नाही. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं. पहिला आठ म्हणजे ८०० मेगापास्कल, आणि त्याच्या ०.८ पटीला, म्हणजे ६४० ला, तो वाकायला लागतो. खूण नसलेला बोल्ट साध्या ४.६ ग्रेडचा धरावा, तो २४० लाच. आट्यांमधलं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर, कातरण्याच्या दिशेला साठ टक्के. साधे चार बोल्ट मिळून ३४०० किलोला हार मानतात, आणि विंच ओढते ४३००. ८.८ चे चार नऊ हजारांपर्यंत जातात. मिस्त्रीसमोर हा हिशेब जमिनीवर खडूने केला. तो काही बोलला नाही, पोराला सायकलवरून खेडला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी द्यायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी बोल्ट आले, डोक्यावर ८.८.

मामाला खरं तर पुढे मोठा पोलादी बंपर हवा होता, शिकारी सिनेमातल्यासारखा. ते नाही केलं. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असल्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, धडक बसलेल्या पायी माणसाला ते जास्त घातक म्हणून; आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही आहे. मूळ बंपर जागेवर ठेवून त्याच्या मागे, चॅसिसच्या दोन शिंगांमध्ये पाळणा बसवला. तरी मामाला म्हटलं, आरटीओत आधी विचारून घे, नंतर नको. तो ड्रॉइंग घेऊन गेला. तिथे त्यांनी सुलटं धरलं म्हणे.

वजनाचंही बघावं लागतं. विंच आणि पाळणा मिळून साठ किलो, पुढच्या ॲक्सलच्या साठ सेंटिमीटर पुढे. व्हीलबेस २४३० मिलिमीटर. मोमेंट घेतलेत तर पुढच्या ॲक्सलवर साठ नाही, पंच्याहत्तर वाढतात आणि मागचे पंधरा उचलले जातात. मामाने मागे दोन गोण्या रेती ठेवावी का विचारलं. मी म्हटलं मावशीला बसव. यावर मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. पूर्ण भाराला अशी विंच चारशे अँपिअरच्या घरात खाते. बारा व्होल्टला ४.८ किलोवॅट. त्या भाराला दोर मिनिटाला दीडेक मीटर सरकतो, म्हणजे कामाला आला जेमतेम एक किलोवॅट. उरलेली सगळी उष्णता! आपल्या होस्टेलचे दोन गीझर समजा (चालू असते तर). म्हणून एक मिनिट ओढायचं, मग थांबायचं, मोटरला हात लावून बघायचं. आम्ही सीरिज वाउंड मोटरची घेतली, ती परमनंट मॅग्नेटपेक्षा करंट जास्त खाते पण ताप सहन करते. अल्टरनेटर ऐंशी-नव्वद अँपिअर देतो, बाकीचं बॅटरीतून, म्हणून इंजिन चालूच हवं. आणि केबल! जाऊन-येऊन चार मीटर तांबं धरा. १६ स्क्वेअर एमएमच्या केबलने चारशे अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात, ३५ च्या केबलने ०.८. बारातले पावणेदोन गेले तर मोटरने काय करायचं?

एक वस्तू दुकानदाराने दिली नव्हती, वेगळी घ्यायला लावली: आयसोलेटर स्विच. विंचचा करंट चालू-बंद करणारे काँटॅक्टर कधी कधी आतून चिकटतात. तेव्हा बटण सोडलं तरी विंच थांबत नाही, दोर गुंडाळतच राहतो, आणि समोर झाड असतं. बॅटरीची लाइन तोडणारा तो लाल खटका आम्ही ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा बसवला. मामेभाऊ बारा वर्षांचा आहे, त्याला इंजिनाचं काही कळत नाही, पण मी ओरडले की तो खटका ओढतो. वीस वेळा करून घेतलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहिली चाचणी. नवीन दोर थोड्या भाराखाली गुंडाळून घ्यावा लागतो, सैल गुंडाळला तर वरचा थर खालच्यात रुततो. म्हणून हलक्या चढावर गाडी न्यूट्रलला ठेवून, हातब्रेक किंचित ओढून, तिला तिच्याच दोराने वर आणलं. अख्खी वाडी बघायला. एका आजींनी विंचला हळदकुंकू लावलं. मोटरच्या व्हेंटमध्ये कुंकू गेलं ते मी नंतर ब्रशने काढलं.

खरी परीक्षा जुलैत झाली, आणि मी इथे, इंटर्नल्स. रात्री अकराला मामाचा मेसेज: "किंजळ. कप्पी. १८ मिनिटं." इतकंच. सकाळी फोन केला तेव्हा कळलं, तेच बाळ, आता वर्षाचं झालेलं, तापात आकडी आली होती. गाडी त्याच जागी बसली. मामा म्हणाला, पट्टा बांधायला सहा मिनिटं गेली, ओढायला तीनदा थांबत थांबत बाकीची, आणि मोटर हात लावण्याइतकीच गरम होती. बाळ दोन दिवसांनी घरी आलं. माझा त्या दिवशी हीट ट्रान्सफरचा पेपर होता. कसा गेला ते विचारू नका, चांगला गेला.

आता वाडीत सगळ्यांना विंच सगळ्याला हवी असते. पडलेली झाडं ओढायला ठीक. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात बागा आडव्या झाल्या होत्या तेव्हा ही असती तर, असं मामा अजून म्हणतो. पण परवा त्याने विचारलं, विहिरीतली पाणबुडी मोटर वर काढायला चालेल का, बाळ्याचा मुलगा खाली उतरून दोर धरेल. मी नाही म्हटलं. ही विंच आडवं ओढायला केलेली आहे, तिचा ब्रेक माणसाच्या डोक्यावर भार टांगून ठेवण्यासाठी नाही. तालुक्याहून चेन पुली ब्लॉक भाड्याने आण, आणि खाली कोणी उतरायचं नाही. "बघतो," म्हणाला. मामाचं 'बघतो' मला माहीत आहे. उद्या पुन्हा फोन करते.